माशांचंही देवक बघावं लागतं : नव्या हॅचरीवाल्यांसाठी

गाय वर्षाला एक वासरू देते, शेळी दोन-तीन करडं. दोन किलोची रोहूची मादी मात्र पावसाळ्यातल्या एका रात्रीत तीन-चार लाख अंडी सोडते. पाच-सहा माद्या आणि तेवढेच नर हाताशी असले की तालुकाभर विकता येईल इतकं मत्स्यजिरं, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, निघतं. मत्स्यबीज काढून विकणाऱ्या नव्या हॅचरीवाल्याला हे गणित फार गोड वाटतं. जास्त ब्रूडर (बिजासाठी राखलेले आईबाप मासे) म्हणजे जास्त तळं, जास्त खाद्य, जास्त मजुरी. मग पाळा कशाला? गोम इथेच आहे. दोन-तीन पिढ्या गेल्या की तळ्यातली आई, बाप, लेक, जावई सगळी एकाच मादीच्या पोटची निघतात.

मी विदर्भात, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मुलखात, हॅचरीच्या टाक्यांवर बरीच वर्षं काढली. इथे लिहितोय ते रोहू, कटला आणि मृगळ या तीन भारतीय कार्प माशांपुरतं. तिलापिया आणि पंगसचं तंत्र वेगळं आहे, ते त्या धंद्यातल्या माणसाकडून शिका.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय दुखणं कुठून सुरू झालं ते कळत नाही. पूर्वी या माशांचं बीज नदीतून धरून आणायचे. गंगेच्या पुरात हजारो नर-माद्या अंडी घालायच्या, त्यातलं जिरं बंगालमधले मच्छीमार बारीक जाळ्यांनी गोळा करायचे आणि ते रेल्वेने देशभर जायचं. त्यात भेसळ असायची, चिंगळ्या यायच्या, वाटेत अर्धं मरायचं. पण एका डब्यात शेकडो आईबापांची पोरं असायची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन होतो तो त्यामुळेच. त्या इंजेक्शनाने नदीची गरज संपली. बीज शुद्ध मिळू लागलं, वेळेवर मिळू लागलं. आणि हजारो आईबापांच्या जागी वीस-पंचवीस आले.

पायरी १ : नातं आणि संख्या वेगवेगळी समजून घ्या

सोयरीक जुळवताना आपल्याकडे देवक विचारतात. देवक एक निघालं की बोलणी तिथेच थांबतात. माशांत हे विचारणारं कोणी नाही, म्हणून ते काम हॅचरीवाल्याचं.

प्रत्येक जिवात काही दोष दडलेले असतात. प्रत्येक जनुकाची आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. एक प्रत खराब असली तरी दुसरी काम चालवून नेते. आईबाप एकमेकांचे नातलग असले की दोन्हीकडून तीच खराब प्रत येण्याची शक्यता वाढते. ही शक्यता टक्क्यांत मांडतात. मामे-आते भावंडांच्या लग्नातून झालेल्या अपत्यात ती सव्वासहा टक्के, सावत्र भावंडांच्या अपत्यात साडेबारा, सख्ख्या भावंडांच्या अपत्यात पंचवीस. टक्का जसा चढतो तशी अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं, पिल्लं कमी जगतात, वाढ मंदावते, रोग लवकर धरतो. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी थोडंथोडं कमी होत जातं आणि आपण खाद्यवाल्याला शिव्या घालतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अनुभवी लोकही इथे चुकतात. नर आणि मादी एकमेकांचे कोणी लागत नसतील, तर एकाच जोडीचं बीजसुद्धा उत्तम निघतं. ते शेततळ्यात सोडा, वाढवा, विका, काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच बिजातले मासे पुढचे ब्रूडर म्हणून ठेवले की, कारण ती सगळी सख्खी भावंडं असतात. म्हणून हॅचरीत दोन हिशेब वेगळे ठेवायचे: विक्रीचं बीज आणि वंशाचं बीज. विक्रीच्या बिजाला आईबाप अनोळखी असले की पुरे. वंशाच्या बिजाला आईबाप अनोळखी हवेत आणि भरपूरही हवेत.

आणखी एक. वाकडा कणा, कल्ल्यावरचं झाकण अर्धवट, लहान-मोठी वाढ, हे दिसलं की लगेच 'रक्त खराब झालं' म्हणू नका. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं, अंडी उबवताना पाणी तापलं, जिरं हाताळताना हिसका बसला, तरी हेच होतं. आधी पाणी आणि खाद्य तपासा. ते ठीक असूनही हंगामामागून हंगाम तेच दिसत असेल, तर मग वंशावळीकडे वळा.

पायरी २ : तळ्यातले मासे मोजू नका, आईबाप मोजा

तळ्यात २०० ब्रूडर आहेत म्हणून खूश होऊ नका. त्यातले किती जणांनी पुढच्या पिढीला पिल्लं दिली ते बघायचं. त्यासाठी एक साधं सूत्र आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चारने गुणा आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागा. येणारा आकडा म्हणजे परिणामकारक संख्या. मग एक भागिले त्या आकड्याची दुप्पट, म्हणजे दर पिढीला वाढणारं अंतःप्रजनन, वर सांगितलेला नात्याचा टक्का.

१० नर, १० माद्या धरा. चार गुणिले शंभर, भागिले वीस. उत्तर २०. दर पिढीला अडीच टक्के.

आता नर महाग पडतात, सांभाळायला नको वाटतात, म्हणून कोणी २ नर आणि १८ माद्या ठेवल्या. मासे तेवढेच, वीस. पण उत्तर येतं ७.२, आणि दर पिढीला जवळजवळ सात टक्के. म्हणजे प्रत्येक पिढीत सगळ्यांची लग्नं मामे-आते भावंडांशी लावल्यासारखं. माणसात एखादं असं लग्न चालून जातं, पण घराण्यातली प्रत्येक पिढी अशीच गेली तर काय होईल ते सांगायला नको.

रोहू साधारण दोन वर्षांत तयार होते, कटल्याला कधी तीन लागतात. दहा-बारा वर्षांत पाच पिढ्या सहज होतात. दहा-दहाच्या साठ्यात पाच पिढ्यांनी अंतःप्रजनन १२ टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे सगळा साठा एकमेकांची सावत्र भावंडं असल्यासारखा. १९९० साली कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात परिणामकारक संख्या ३ ते ३० आणि दर पिढीचं अंतःप्रजनन २ ते १७ टक्के निघालं. हॅचरीवाले अडाणी नव्हते. मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे कमी मासे पाळून भागत होतं, एवढंच.

किमान किती ठेवायचे? ५० हा आकडा धरून चाला, म्हणजे दर जातीचे २५ नर आणि २५ माद्या. दर पिढीला एक टक्का. छोट्या हॅचरीला हे ऐकूनच घाम फुटतो, म्हणून जागेचा हिशेब मांडतो. दोन-दोन किलोचे ५० मासे म्हणजे १०० किलो. ब्रूडरच्या तळ्यात हेक्टरी १५०० ते २००० किलो मासा ठेवतात. म्हणजे एका जातीला पाच ते सात गुंठे. तिन्ही जाती एकाच तळ्यात राहू शकतात, तेव्हा अर्ध्या एकरात सगळं बसतं. जागा नाही ही सबब टिकत नाही.

आणि दुष्काळाचं विसरू नका. चार पिढ्यांपैकी तीन वेळा तुमची परिणामकारक संख्या १०० होती आणि एकदा, तळं आटलं म्हणून, फक्त ४ वर आली, तर सरासरी ७५च्या पुढे येईल असं वाटतं. तसं होत नाही. इथली सरासरी सगळ्यात वाईट पिढीकडे ओढली जाते. हिशेब केला तर ती १४ येते. एका उन्हाळ्याचा फटका पुढच्या कित्येक पिढ्या सोसतात. म्हणून मार्चमध्ये पाणी कमी होताना दिसलं की विक्रीचा मासा आधी काढा. ब्रूडरला हात लावू नका.

पायरी ३ : पहिले ब्रूडर आणताना घाई नको

नवीन हॅचरी सुरू करताना बहुतेक जण मोठे, तयार ब्रूडर एकाच जागेवरून आणतात. पहिल्याच पावसाळ्यात बीज निघतं, बँकेचा हप्ता जातो. समजण्यासारखं आहे. पण दुसरा हॅचरीवाला तुम्हाला त्याचे सगळ्यात चांगले ब्रूडर देईल का? थकलेले, उरलेले देतो, आणि त्यांचं वयही कोणी सांगत नाही.

पहिलं वर्ष बाहेरून जिरं आणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकण्यावर काढा आणि त्याच वर्षी तीन-चार ठिकाणांहून ब्रूडरसाठी बोटुकली आणा. प्रत्येक ठिकाणाहून एकाच तारखेची एकच पिशवी नको; जूनची थोडी, जुलैची थोडी, ऑगस्टची थोडी. वेगळ्या तारखेला बहुधा वेगळे आईबाप असतात. एका जागेवरून शंभर-दीडशे आणा. वाढता वाढता मरतील, काही काढून टाकाल, शेवटी वीसेक राहतील.

ठिकाणं खरंच वेगळी आहेत का, हे विचारून घ्या. हे मी चुकून शिकलो. तीन जिल्ह्यांतल्या तीन हॅचऱ्यांमधून बोटुकली आणली, वह्या रंगवल्या, खूश झालो. पुढे गप्पांत कळलं की तिघांचेही मूळ ब्रूडर एकाच व्यापाऱ्याने पश्चिम बंगालमधल्या नैहाटीकडून आणून दिलेले होते, एकाच वर्षी. दुकानं तीन, गिरणी एकच. तेव्हापासून मी 'तुमच्याकडचा मासा कुठला' असं विचारत नाही, 'तुमच्या माशाचे आईबाप कुठून आणले' असं विचारतो. उत्तर वेगळं येतं.

आणलेला मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, मिठाच्या पाण्यात बुडवून घ्या, अंगावर माशांच्या उवा आहेत का बघा. नवीन रक्ताबरोबर नवीन रोग नको.

सुधारित वाणाबद्दल सगळे विचारतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे सिफाने, नॉर्वेच्या संस्थेबरोबर १९९२ मध्ये रोहूवर काम सुरू केलं. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज या पाच नद्यांतले मासे आणि संस्थेच्या तळ्यातले मासे एकत्र घेतले. आधी विविधता गोळा केली, मग त्यातून निवड केली, हा क्रम महत्त्वाचा आहे. दर पिढीला वाढ साधारण १७ टक्क्यांनी सुधारली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास हा वाण बाहेर आला, म्हणून नाव 'जयंती'. जरूर आणा. पण जयंतीची एक पिशवी आणून तिच्यातलेच नर-मादी दहा वर्षं फिरवत बसलात, तर पाच नद्यांचं रक्त तुमच्या तळ्यात एका घराचं होऊन बसेल. पाटीवर 'जयंती' लिहिलेलं राहील, एवढंच.

पायरी ४ : खूण आणि वही

कोण कुठला हे कळलं नाही तर वरचं सगळं पाण्यात. पैसे असतील तर पीआयटी टॅग वापरा. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते, पाठीच्या परालगतच्या मांसात सुईने घालतात, वाचक यंत्र जवळ नेलं की क्रमांक दिसतो. मासा असेपर्यंत टिकते. महाग आहे, पण फक्त ब्रूडरला लागते, विक्रीच्या माशाला नाही.

पैसे नसतील तर पोटाच्या पराचं टोक कापून खूण करतात: डावा पर म्हणजे एक गट, उजवा म्हणजे दुसरा. पर काही महिन्यांत परत उगवतो, तेव्हा हंगामापूर्वी पुन्हा बघावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तळीच वेगळी ठेवणं. अ तळ्यात एका ठिकाणचे, ब तळ्यात दुसरीकडचे, क मध्ये तिसरीकडचे. तळी नसतील तर एका मोठ्या तळ्यात जाळीचे आडोसे घाला, पण पुरात जाळी फाटते हे ध्यानात ठेवा. आमची फाटली होती. एका रात्रीत चार वर्षांच्या नोंदी रद्दी झाल्या.

वहीत फार काही लिहायला नको. तारीख, कुठल्या गटाच्या किती माद्या, कुठल्या गटाचे किती नर, किती जणींनी खरोखर अंडी दिली, किती जिरं निघालं, आणि त्यातलं वंशाला किती ठेवलं. शेवटचा रकाना सगळे विसरतात. मोबाईलवर लिहिलं तरी चालेल, पण मोबाईल टाकीत पडतो. वही पडली तर वाळवता येते.

पायरी ५ : सेट टाकण्याचा दिवस

सेट टाकणं म्हणजे इंजेक्शन दिलेले नर-मादी अंडी घालायला टाकीत एकत्र सोडणं. नर-मादी ओळखणं पहिल्याच हंगामात जमतं. नराच्या छातीच्या परावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, आणि पोट हलकेच दाबलं तर दुधासारखं मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य, येतं. मादीचा पर गुळगुळीत, पोट मऊ आणि फुगलेलं, मागचं छिद्र सुजलेलं, गुलाबी. इंजेक्शनाची मात्रा जात आणि औषधाप्रमाणे बदलते. बाटलीवरची सूचना वाचा आणि पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी उभा करा.

विविधतेच्या दृष्टीने या दिवशी तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नरांत काटकसर नको. गोल टाकीत वजनाला वजन धरून नर-मादी सोडतात. नर लहान असेल तर संख्येने जास्त घ्या. टाकीत सगळे नर सारखे काम करत नाहीत. दोन-तीन दांडगे नर बहुतेक अंडी फळवतात, बाकीचे कडेला फिरतात. म्हणून एकदाच मोठा सेट टाकण्याऐवजी वेगवेगळ्या नरांचे तीन-चार छोटे सेट, वेगवेगळ्या दिवशी टाका. सूत्रातला आकडा आणि खरा आकडा यांच्यातलं अंतर त्याने बरंच कमी होतं.

दुसरी, हाताने पिळून अंडी काढत असाल तर चार नरांचं मिल्ट एका वाटीत मिसळू नका. मिसळलं की जोरदार नराचंच चालतं. एका मादीची अंडी चार वाट्यांत वाटा आणि प्रत्येक वाटीवर एकेका नराचं मिल्ट घाला, पिसाने हलवा, मग पाणी. पाच मिनिटांचं जास्तीचं काम आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त बिघडते. रोहू, कटला आणि मृगळ एकाच टाकीत एकाच वेळी सोडू नका. 'सगळं बीज मिक्सच जायचंय ना' म्हणून हा शॉर्टकट घेतात. मासे जात विचारत नाहीत. कटला-रोहूचा संकर होतो, आणि तो वांझ नसतो. ती पिल्लं लहानपणी ओळखूही येत नाहीत. त्यातला एखादा ब्रूडरच्या तळ्यात शिरला की ना धड रोहू ना धड कटला असा वंश चालू होतो. सेट बदलताना टाकी पूर्ण रिकामी करा, आदल्या सेटचा एखादा मासा तळाशी राहिलाय का ते कंदील नाही तर बॅटरी लावून बघा. पहाटे तीनला झोप येत असते, तेव्हाच हे राहतं.

पायरी ६ : वंशाला कोण ठेवायचं

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली. पहिल्या हंगामाअखेर तळं उपसलं आणि सगळ्यात मोठे साठ मासे निवडून ब्रूडर म्हणून ठेवले. कोणीही हेच केलं असतं. पुढे वही चाळली तेव्हा लक्षात आलं की त्या तळ्यात जूनच्या पहिल्या सेटची पिल्लं आधी सोडली होती. ती महिनाभर जास्त खाऊन मोठी झाली होती. माझे साठच्या साठ मासे त्या एका सेटचे, दोन माद्यांचे. मोठेपणा रक्ताचा नव्हता, वयाचा होता.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. गिऱ्हाईक मोठा मासा मागतं म्हणून मोठा विकला जातो. उरलेले, वाढ खुंटलेले तळ्यात राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच ब्रूडर होतात. बियाण्याला कणसातले किडके दाणे ठेवावेत, तसं. शेतकरी हे कधी करणार नाही, हॅचरीत मात्र सर्रास चालतं.

मग करायचं काय? प्रत्येक सेटच्या जिऱ्यातून सारख्या संख्येने पिल्लं बाजूला काढा आणि वेगळ्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, वाढवा. एका मादीचं चार लाख जिरं निघालं आणि दुसरीचं चाळीस हजार, तरी वंशाला दोघींची शंभर-शंभरच. पुढे प्रत्येक गटातून, त्या गटातल्या त्या गटात, चांगली वाढलेली दहा-दहा ठेवा. अशाने निवडही होते आणि कोणतं घराणं बुडतही नाही. यात आणखी एक फायदा आहे, तो फुकटचा. सगळ्या जोड्यांकडून सारखी पिल्लं घेतली तर परिणामकारक संख्या जवळजवळ दुप्पट होते. २५ जोड्यांचं काम १३ जोड्यांत भागतं. ज्याला खरंच जागा नाही त्याने निदान हे एक करावं.

पायरी ७ : नर फिरवा, नवे आणा

तीन गट वेगळे ठेवले असतील तर पुढचं सोपं आहे. अ तळ्याचे नर ब च्या माद्यांना, ब चे नर क च्या माद्यांना, क चे नर अ च्या माद्यांना. पिल्लं आईच्या गटात मोजायची. पुढच्या पिढीतही हीच फिरवणी. लेकी माहेरी राहतात आणि जावई शेजारच्या गावाहून येतात, असं समजा. सख्ख्या भावंडांची गाठ पडायची शक्यताच राहत नाही.

तरी एक-दोन पिढ्यांनी बाहेरचे नर आणावेत. लांबच्या हॅचरीवाल्याशी अदलाबदल करा: तुमचे दहा, त्याचे दहा. पैशाचा व्यवहार नसला की माणूस चांगला मासा देतो, असा माझा अनुभव आहे. फक्त त्याने पूर्वी तुमच्याकडूनच बीज नेलं नव्हतं ना, हे वहीत बघा.

जिवंत नराऐवजी गोठवलेलं मिल्ट आणण्याचीही सोय आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला, ते वर्षानुवर्षं टिकतं. गायींच्या कृत्रिम रेतनासारखंच. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आणि भुवनेश्वरची सिफा या दोन्ही संस्थांनी यावर काम केलं आहे. नदीतल्या नराचं मिल्ट मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण नायट्रोजनचा डबा सांभाळणं एकट्या छोट्या हॅचरीचं काम नाही. चार-पाच जणांनी मिळून करायची गोष्ट आहे.

नदीत सोडायचं बीज वेगळं

कधीकधी 'नदीत मासे सोडायचे आहेत, बीज द्या' असं कोणी मागायला येतं. हेतू चांगला असतो. पण तळ्यातला चुकलेला वंश उपसून टाकता येतो, नदीतला नाही. महाशीरचं उदाहरण आपल्या घरचं आहे. खुद्री महाशीर ही जात साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून जगाला सांगितली. लोणावळ्याच्या हॅचरीत तिचं बीज तयार झालं आणि देशात अनेक नद्यांत सोडलं गेलं, कावेरीतही. कावेरीत तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि बाहेरून आलेला महाशीर हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. दोन्ही महाशीरच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तेव्हा नदीसाठी बीज द्यायचं तर त्याच नदीच्या, पुष्कळ आईबापांचं, आणि मत्स्य विभागाला विचारून. नाहीतर नाही म्हणा.

तुम्ही हॅचरीवाले नसाल, नुसतं शेततळं असेल तर

तुम्हाला सूत्रं, टॅग काही नको. जूनमध्ये बीज घ्यायला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. ब्रूडर किती आहेत आणि त्यात नर किती? शेवटचे नवे ब्रूडर कोणत्या साली, कुठून आणले? नर आणि माद्या एकाच खेपेतले आहेत की वेगळ्या? कटला आणि रोहूचे सेट वेगळ्या दिवशी टाकता का?

चारही उत्तरं बिनचूक मिळतील ही अपेक्षा नको. जो वही काढून दाखवतो त्याच्याकडून घ्या, हजारामागे चार पैसे जास्त मागत असला तरी. जो 'आमचे ब्रूडर माझ्या वडिलांच्या काळापासूनचे, एकदम जातिवंत' असं अभिमानाने सांगतो, त्याच्याकडे चहा घ्या आणि पुढच्या हॅचरीकडे निघा. बोटुकली घेताना पिशवीतले शंभर मासे ताटात ओतून बघा: तोंडाची ठेवण, कल्ल्याची झाकणं, कण्याची रेष. शंभरात एखादा वाकडा निघतोच. पाच-सात निघाले तर पिशवी परत द्या. आणि बिलावर सेटची तारीख लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच हॅचरीतून घ्यायचं ठरलं, तर आधी ते बिल काढून बघता येतं.